कुत्र्याला हृदयाचे औषध समजू नका

घरात कुत्रा असला की हृदयविकार लांब राहतो, असे आता सर्रास म्हटले जाते. आरोग्य पुरवण्या ते छापतात, व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरते, आणि निवृत्तीनंतर एकट्या पडलेल्या वडिलांना मुले तोच सल्ला देतात: बाबा, एक कुत्रा आणा, हृदयाला चांगले असते. या समजुतीच्या पाठीशी नावाजलेल्या नियतकालिकांतले संशोधन आहे, लाखो माणसांची आकडेवारी आहे. त्यामुळे तिला ऐकीव गप्पांत काढता येत नाही. तिचा पूर्वपक्ष पुऱ्या बळानिशी मांडूनच तिला उत्तर द्यायला हवे. ते द्यायचे, कारण ही समजूत हृदयरोग्याचे नुकसान करते आणि कुत्र्याचेही.

पूर्वपक्षाची सुरुवात १९८० साली होते. अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर माग घेतला. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होता अशा ५३ जणांपैकी ३ दगावले. ज्यांच्याकडे नव्हता अशा ३९ जणांपैकी ११. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही फरक टिकला. पुढे १९९२ मध्ये मेलबर्नच्या बेकर संस्थेत तपासणीला आलेल्या ५,७४१ लोकांपैकी प्राणी पाळणाऱ्यांचा वरचा रक्तदाब आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड कमी आढळले. १९९५ मध्ये फ्रीडमन यांनी स्यू थॉमस यांच्यासह पुन्हा ३६९ हृदयरुग्ण पाहिले. कुत्रा पाळणाऱ्या ८७ जणांपैकी वर्षभरात एकच मृत्यू, न पाळणाऱ्या २८२ जणांपैकी १९.

मग आला २०१७ चा स्वीडनमधील अभ्यास. तिथे २००१ पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे आणि प्रत्येक नागरिकाच्या आजारपणाची नोंद सरकारी दप्तरात असते. उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी ही दोन दप्तरे जोडली आणि ४० ते ८० वयाच्या ३४ लाखांहून अधिक माणसांकडे बारा वर्षांपर्यंत पाहिले. एकट्या राहणाऱ्यांत कुत्रा पाळणाऱ्यांचा एकूण मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरण्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी निघाला. कुटुंबात राहणाऱ्यांत हे आकडे ११ आणि १५ टक्के होते. २०१९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दहा अभ्यास एकत्र केले, एकूण माणसे ३८ लाखांवर, आणि निष्कर्ष असा की कुत्रा पाळणाऱ्यांत मृत्यूचा धोका २४ टक्क्यांनी कमी, हृदयविकाराच्या मृत्यूचा ३१ टक्क्यांनी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर घ्यावा यात नवल नव्हते.

शिवाय कारणही पटण्याजोगे आहे. कुत्र्याला फिरवावे लागते, म्हणून मालक चालतो. इंग्लंडमधील चेशायर परगण्यातल्या एका अभ्यासात कुत्रा पाळणाऱ्यांनी व्यायामाची शिफारस केलेली मात्रा गाठण्याची शक्यता इतरांच्या चौपट दिसली. कुत्र्याला कुरवाळताना रक्तदाब थोडा उतरतो. एकटेपणा हलका होतो. आकडे आहेत, कारण आहे, आणि कुत्र्यावर जीव लावलेल्या प्रत्येकाचा स्वतःचा अनुभवही आहे. पूर्वपक्ष इतका भक्कम आहे.

आता त्याची परीक्षा. आपल्या न्यायशास्त्राने ही परीक्षा कशी करावी ते फार पूर्वी सांगून ठेवले आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे अनुमान बरोबर. पण ते उलटवून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटले की ते कोसळते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग इतर ठिकाणी अग्नीबरोबर धूर का दिसतो? ओल्या सरपणामुळे. या लपलेल्या तिसऱ्या घटकाला अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त उपाधी म्हटले आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांच्यामागे ओले सरपण कुठे दडले आहे का, ते आधी शोधायचे, हा या शास्त्राचा दंडक. आजचे साथरोगतज्ज्ञही रोज हेच करतात. कुत्रा आणि निरोगी हृदय यांच्या सहवासामागे असे सरपण भरपूर आहे.

पहिले म्हणजे परिस्थिती. अमेरिकेतील रँड संस्थेने कॅलिफोर्नियाच्या आरोग्य सर्वेक्षणातून प्राणी पाळणारे आणि न पाळणारे यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही गट वय, वंश, उत्पन्न, घराचा प्रकार, राहणीमान अशा कितीतरी बाबतींत वेगळे निघाले. कुत्र्याला खाऊ घालायला, त्याच्या लसी आणि डॉक्टर करायला पैसा लागतो, जागा लागते, घरमालकाची हरकत नसावी लागते. हे सगळे ज्याच्याजवळ आहे त्याचे हृदय कुत्र्याशिवायही सरासरीहून बरे असते. याच संस्थेने पाच हजारांहून अधिक मुलांच्या प्रकृतीची तुलना केली. प्रथमदर्शनी प्राणी असलेल्या घरांतली मुले अधिक सुदृढ दिसली. परिस्थितीतला फरक हिशेबात घेताच ते श्रेय उरले नाही.

दुसरे सरपण म्हणजे प्रकृतीच. दोन मजले चढताना ज्याला धाप लागते तो लॅब्रेडॉर आणायला निघत नाही. ज्याचे हृदय निकामी होत चालले आहे तो असलेला कुत्राही भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे सोपवतो. अशा वेळी कुत्र्यामुळे प्रकृती चांगली राहिली, असे आपण वाचतो. घडलेले असते उलटेच, प्रकृती चांगली म्हणून कुत्रा राहिला. १९८० च्या अभ्यासात आजाराची तीव्रता मोजली होती हे खरे, पण सारा निष्कर्ष १४ मृत्यूंवर उभा होता. १९९५ चा २० मृत्यूंवर. एवढ्या थोड्या मृत्यूंत दोनचार माणसे या बाजूची त्या बाजूला गेली तरी चित्र पालटते.

तिसरे सरपण कुणाच्या सहज ध्यानात येणार नाही असे. उप्सालाच्या त्याच संशोधकगटाने २०१९ मध्ये स्वीडनमधील ३५,०३५ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या आणि प्रश्न विचारला: कुत्रा पाळण्याची ओढ जन्मजात असते का? उत्तर आले की माणसामाणसांतल्या या ओढीच्या फरकाचा निम्म्याहून अधिक वाटा आनुवंशिक आहे, स्त्रियांत ५७ टक्के आणि पुरुषांत ५१ टक्के. माणसाला कुत्र्याकडे नेणारा वारसा त्याला चपळ, मोकळा, घराबाहेर रमणाराही बनवत असेल, तर कुत्रा हा त्या स्वभावाची खूण ठरतो. खुणेला कारणाचे श्रेय देता येत नाही.

स्वीडनचे आकडे आता पुन्हा पाहू, कारण सारी भिस्त त्यांच्यावर आहे. एकट्या राहणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचा धोका ३६ टक्के कमी होता, हे सर्वांनी छापले. त्याच लोकांत हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार जडण्याचा धोका किती कमी होता? ८ टक्के. हा आकडा बातम्यांतून गळाला, आणि तोच निर्णायक आहे. चालण्यामुळे आणि मनःशांतीमुळे रक्तवाहिन्या निरोगी राहत असतील तर आधी विकार जडणेच ठळकपणे घटायला हवे. ते जेमतेम घटले, मृत्यू मात्र तिसऱ्या हिश्श्याने घटले. दुसरी गोष्ट अशी की हृदयविकाराच्या मृत्यूंत जितकी घट, जवळपास तितकीच सर्व प्रकारच्या मृत्यूंत. कर्करोग, अपघात, फुप्फुसाचे आजार, सगळे मिळून ३३ टक्के. जो उपाय हृदयावर चालतो त्याचा ठसा हृदयावर उठून दिसला पाहिजे. सर्व मरणांवर सारखाच ठसा उमटला, तर तो एकूण प्रकृतीचा ठसा समजावा.

यावर कुणी म्हणेल, विकार जडल्यावर कुत्रा सावरतो, म्हणून मृत्यू घटतात. २०१९ मध्ये स्वीडनमधूनच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचा अभ्यास आला आणि एकट्या राहणाऱ्यांत कुत्रा असलेल्यांचे मृत्यू ३३ टक्के कमी निघाले. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण झटक्यानंतर एकटा राहून, थंडीपावसात दिवसातून दोनतीनदा कुत्र्याला बाहेर नेऊ शकणारा रुग्ण आणि अंथरुणातून उठताना आधार लागणारा रुग्ण यांची तुलना करून कुत्र्याचा गुण कसा ठरवणार? २०१७ च्या अभ्यासात शिकारी जातीच्या कुत्र्यांच्या मालकांत धोका सर्वांत कमी आढळला, हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. शिकारी कुत्रा घेणारा माणूस मुळात रानात मैलोनमैल भटकणारा असतो. धूम्रपान, व्यायाम यांसारख्या सवयींची माहिती ३४ लाखांपैकी फक्त ३४ हजारांच्या आसपास जुळ्यांपुरती उपलब्ध होती. संशोधकांनी स्वतःच स्पष्ट लिहिले आहे की या अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्यांचा प्रामाणिकपणा बातमीपर्यंत पोचलाच नाही.

दहा अभ्यासांच्या एकत्रीकरणाचे वजनही वाटते तितके नाही. त्यातल्या ३८ लाखांपैकी ३४ लाखांहून अधिक माणसे त्या एकाच स्वीडिश अभ्यासातली आहेत. उपाधी न वगळलेले अभ्यास एकत्र केले की उपाधीही एकत्र होते. बेरजेने ती नाहीशी होत नाही. २०२० मध्ये एड्रियन बाउमन आणि सहकाऱ्यांनी हीच बेरीज पुन्हा तपासली. ज्यांत इतर घटक नीट हिशेबात धरले होते असेच अभ्यास ठेवले, तेव्हा कुत्रा आणि दीर्घायुष्य यांचा संबंध उरला नाही.

शिवाय अनुमानाला तडा देणारी उदाहरणे आहेतच. इंग्लंडमधील सहा लोकसमूहांच्या ५९,३५२ माणसांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये आला. कुत्रा असणे आणि मृत्यू यांत संबंध दिसला नाही. नॉर्वेतील मोठ्या लोकसंख्या-अभ्यासातही दिसला नाही. नॉर्वे तर स्वीडनचा सख्खा शेजारी, हवामान तेच, जंगले तीच, कुत्र्यांचे वेडही तेच. मेलबर्नच्या १९९२ च्या निष्कर्षाला त्याच नियतकालिकात २००३ मध्ये कॅनबेरा परिसरातील ५,०७९ लोकांच्या अभ्यासाने उत्तर दिले: प्राणी पाळणाऱ्यांचा खालचा रक्तदाब थोडा जास्तच, वजन जास्त, धूम्रपानही जास्त. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातच ४२४ हृदयरुग्णांत प्राणी पाळणाऱ्यांना मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचा धोका अधिक आढळला. तापलेल्या गोळ्याची ही इतकी उदाहरणे समोर असताना ‘जिथे कुत्रा तिथे निरोगी हृदय’ हा नियम टिकत नाही.

१९९५ च्या त्या अभ्यासातले ३६९ रुग्ण कुठून आले होते, हे सांगितले पाहिजे. ते ‘कास्ट’ नावाच्या प्रसिद्ध औषध-चाचणीत सहभागी झालेले होते. झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात ते अधिक मरतात, हे डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके दाबत. तेव्हा ही औषधे जीव वाचवतात, असे अनुमान निघाले आणि ती सढळ हाताने दिली गेली. ‘कास्ट’ने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडले. १९९१ मध्ये हिशेब आला: औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. जीव वाचवणारी मानलेली औषधे जीव घेत होती. अनुमान कितीही सुसंगत वाटले तरी चिठ्ठ्या टाकून केलेल्या परीक्षेवाचून ते सत्य मानू नये, हा धडा हृदयरोगशास्त्राला या चाचणीने दिला. कुत्र्याविषयीचे अनुमान याच रुग्णांच्या वह्यांतून निघाले आणि ती परीक्षा न देताच सत्य म्हणून मिरवू लागले.

असेच संप्रेरकांच्या बाबतीत घडले. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे मोठमोठे निरीक्षणात्मक अभ्यास सांगत होते. २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या जोडगोळीची यादृच्छिक चाचणी झाली, तेव्हा हृदयविकाराचा धोका उलट वाढलेला दिसला. ही संप्रेरके स्वतःहून घेणाऱ्या स्त्रिया सुशिक्षित, सधन आणि प्रकृतीला जपणाऱ्या होत्या. त्यांची हृदये निरोगी असण्याचे श्रेय गोळीला दिले गेले होते.

कुत्र्याबाबत अशा परीक्षेच्या जवळ जाणारा एक प्रयत्न झाला. कॅरन अ‍ॅलन यांनी २००१ मध्ये रक्तदाब असलेले ४८ शेअरदलाल घेतले. सर्वांना रक्तदाबाची गोळी दिली आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना कुत्रा किंवा मांजर पाळायला सांगितले. मानसिक ताण दिला असता प्राणी पाळणाऱ्यांचा रक्तदाब कमी उसळला. हा निष्कर्ष मी मनापासून मानतो. पण विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरवला तो गोळीने, दोन्ही गटांत. घटकाभराची उसळी मंदावणे आणि वीस वर्षांत रक्तवाहिनी तुंबणे टळणे, यांत जे अंतर आहे ते या ४८ जणांच्या आधारे ओलांडता येत नाही.

राहिला चालण्याचा मुद्दा. तो खरा आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. कुत्रा पाळणारे सरासरीने अधिक चालतात. मात्र मग गुण चालण्याचा आहे. जो मालक कुत्र्याला स्वतः फिरवत नाही त्याच्या वाट्याला हा गुण येत नाही, आणि पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत सकाळी कुत्र्याची साखळी किती वेळा पगारी मुलाच्या किंवा वॉचमनच्या हातात असते ते कुणीही पाहू शकतो. ज्येष्ठांना कुत्रा आणण्याचा सल्ला देताना आणखी एक आकडा जवळ असावा. अमेरिकेत कुत्र्याला साखळीने फिरवताना पडून हाड मोडल्यामुळे तातडीच्या विभागात आलेले ६५ वर्षांवरचे रुग्ण २००४ मध्ये अंदाजे १,६७१ होते. २०१७ मध्ये ४,३९६. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला चाळीस किलोंचे जनावर ओढू लागले की मांडीच्या खुब्याचे हाड मोडायला एक हिसका पुरतो, आणि त्या वयात खुब्याचे फ्रॅक्चर हे अनेकदा जिवावरचे दुखणे असते.

मग हृदय जपायचे कशाने? याचे उत्तर आपल्याकडे आहे आणि ते बरेच पक्के आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने ५२ देशांतले रुग्ण पाहून दाखवले की पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींशी बांधलेला आहे: तंबाखू, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचे प्रमाण, व्यायाम आणि मद्य. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाचे पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ निघाले, इतर देशांत ते ५८.८. म्हणजे आपल्या घरांतले कर्ते लोक पाचसहा वर्षे आधी कोसळतात. अशा समाजात ज्याने रक्तदाब वर्षानुवर्षे मोजलेला नाही, ज्याच्या खिशात तंबाखूची पुडी आहे, त्याला ‘कुत्रा आणा’ म्हणणे हे त्याचे लक्ष भलतीकडे वळवणे आहे. शिवाय स्वीडनचा मोठा आकडा एकट्या राहणाऱ्यांचा होता. आपल्याकडचे बहुतेक हृदयरोगी मुलाबाळांत, चारचौघांच्या घरात राहतात. त्यांच्यापुढे तो ३३ टक्क्यांचा आकडा ठेवणे ही फसगत आहे, मग ती अजाणता का असेना.

हा समज इतका पसरला याला मायेइतकेच बाजाराचेही पाठबळ आहे. माणूस आणि प्राणी यांच्या नात्यावर संशोधन करणारी वॉल्थम ही नामांकित संस्था पाळीव प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या मार्स कंपनीची आहे. तिथले संशोधन खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण जी बातमी विक्रीला पोषक आहे तिला पंख फुटतात आणि ‘संबंध आढळला नाही’ ही बातमी नियतकालिकाच्या पानातच राहते, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये या विषयावर अधिकृत निवेदन काढले. त्यातले पहिले विधान असे की कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका काहीसा कमी होत असावा. ते जगभर उद्धृत झाले. दुसरे विधान असे की केवळ हृदयविकाराचा धोका कमी करण्याच्या मुख्य हेतूने प्राणी दत्तक घेऊ नये, सोडवून आणू नये, विकत घेऊ नये. या दुसऱ्या विधानाची फारशी बातमी झाली नाही, आणि सर्वसामान्य माणसाला उपयोग आहे तो त्याचाच.

कारण औषध म्हणून आणलेल्या कुत्र्याचे काय होते? औषधाचा गुण आला नाही की बाटली फेकून देतात. कुत्रा दहा-बारा वर्षे जगणारा, भुकेला होणारा, आजारी पडणारा, माणसाला ओळखणारा जीव आहे. सल्ल्यावरून घाईने आणलेला कुत्रा रक्तदाब उतरवत नाही म्हणून गॅलरीत बांधला जातो, गावाकडे पाठवला जातो, नाहीतर एखाद्या रात्री दूरच्या रस्त्यावर सोडला जातो. विदर्भाच्या उन्हात धापा टाकणारा हस्की हा अशाच अविचाराचा बळी असतो. प्राण्याला उपयुक्ततेच्या तराजूत टाकले की उपयोग संपताच त्याची किंमतही संपते. म्हणून ज्यांचा कुत्र्यांवर जीव आहे त्यांनीच या समजुतीला सर्वांत आधी विरोध करायला हवा.

तेव्हा सिद्धांत असा. कुत्रा पाळणाऱ्यांची हृदये बरी दिसतात, हे काही ठिकाणी खरे आहे, काही ठिकाणी नाही. जिथे ते खरे आहे तिथेही कुत्र्यामुळे ती बरी झाली, हे आजवर सिद्ध झालेले नाही. चालणे, तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे यांचा गुण सिद्ध झालेला आहे आणि त्यासाठी कुणाला पाळावे लागत नाही. ज्याला कुत्रा हवा आहे, त्याच्यासाठी वेळ, जागा आणि पैसा काढण्याची ज्याची तयारी आहे, त्याने तो जरूर पाळावा, आणि कुत्र्यासाठीच पाळावा. आपल्या छातीची काळजी त्याच्या गळ्यात बांधू नये. ती काळजी आपली आहे आणि ती आपल्यालाच घ्यायची आहे.